कमरेचे हत्यार



युनियनच्या माणसाने रिव्हॉल्व्हरवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. १४ ऑगस्ट १९४२ ची गोळी हे पालघर विसरलेले नाही. येथे बंदुकीचे कौतुक करायला माझी जीभ वळणार नाही. पण आमच्या संघटनेत पहारेकरीही आहेत, आणि हत्यार हे त्यांच्या कामाचे अवजार आहे. शाळा सातवीत सुटली, तरी अवजारांविषयी लेथने मला थोडे शिकवले आहे.

१९९६ च्या सुमारास बोईसरच्या एका कारखान्यात पगार रोखीने वाटला जाई. रकमेबरोबर जाणाऱ्या पहारेकऱ्याच्या कमरेला मालकाचे रिव्हॉल्व्हर असे. परवान्यावर त्याचे नाव रीतसर चढवलेले होते. एका संध्याकाळी त्याने रुमालावर सहा काडतुसे माझ्यापुढे ठेवली. सहाही हिरवी पडलेली.

"दादा, ही उडतील का?"

काय सांगणार? कातडी पट्ट्यात ती वर्षानुवर्षे खोचलेली होती. कमावलेल्या कातड्यातली द्रव्ये पितळ खातात. त्यात आमच्याकडे समुद्राची खारी हवा आणि कारखान्यांची आम्लाची वाफ. मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, उडवायचीच नाहीत, तर नवी कशाला?" मी म्हटले, "मग आग विझवायची नळकांडी दरवर्षी का भरून घेता?"

आता हत्याराकडे वळू. चाप ओढला की चक्र फिरते, घोडा पडतो, पिन काडतुसाच्या बुडावरच्या टोपीवर आदळते. एखादे काडतूस फसले तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे समोर येते. पिस्तुलात तसे नाही. तेथे फसलेले काडतूस हाताने खेचून काढावे लागते, आणि मॅगझिनची कमान थकली किंवा तिचे ओठ वाकले तर चांगले काडतूसही अडते. म्हणून क्वचित सराव मिळणाऱ्या माणसाला रिव्हॉल्व्हर बरे, असे माझे मत. चाप हलका व्हावा म्हणून घोड्याची कमान कापणारे शहाणे भेटतात. कमान कमजोर झाली की ठोका हलका पडतो आणि टोपी पेटत नाही!

आमचा कुठलाही लेथवाला तशी पिन अर्ध्या तासात उतरवील. पण पोलादाला पाणी नीट दिले नाही तर पिन एक तर तुटते, नाहीतर तिचे तोंड बसते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना हत्यार दुरुस्त करणे हाच गुन्हा आहे. तेव्हा भाग मूळ कारखान्याचा आणि हात परवानाधारक कारागिराचा, एवढे धरून चालावे. काडतुसे आपल्या खडकीलाही होतात. तो कारखाना १८६९ चा. पण उत्तम कारखान्याचे काडतूसही दमट कपाटात टिकत नाही. ती कातड्यातून काढून कोरड्या डब्यात ठेवावीत, आणि ठरावीक काळाने जुनी सरावात संपवून नवी घ्यावीत.

सरावाचा खर्च कोणी करायचा, यावरच खरे भांडण होते. पहारेकऱ्याने आपल्या पगारातून? हत्यार मालकाचे, रक्कम मालकाची, छाती तेवढी त्याची!

तीन महिने पत्रव्यवहार चालला, तेव्हा नवी काडतुसे आली. आमच्या गड्याने ती मोजून घेतली, जुनी सहा टेबलावर ठेवली आणि त्यांची पावती मागितली.