लाल सिलिंडर कोणत्या आगीसाठी?

(वऱ्हाडातील कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



कामगारांच्या हिताची चर्चा निघाली की वेतन, कामाचे तास, अपघाताची भरपाई हे विषय ओघाने येतात. भिंतीवर टांगलेल्या लाल सिलिंडरकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते जागेवर आहे एवढ्याने मालकाचे समाधान होते आणि तपासणीस आलेल्या माणसाचेही होते. परंतु ते जागेवर आहे की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. तेथे जी आग लागू शकते तिच्यासाठी ते आहे काय, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर तेथे काय काय जळू शकते हे रोज पाहणाऱ्या माणसांजवळ असते, आणि खरेदी करताना नेमके त्यांनाच कोणी विचारीत नाही.

आग जगते ती इंधन, उष्णता आणि प्राणवायू यांच्यावर. पाणी उष्णता काढून घेते. फेस जळत्या द्रवावर पांघरूण घालतो. कार्बन डायऑक्साइड भोवतालची हवा दूर सारतो. कोरडी भुकटी ज्वलनाची रासायनिक साखळी तोडते. प्रत्येकाचा मार्ग निराळा असल्यामुळे सर्व आगींवर चालणारे एकच औषध नाही. म्हणूनच आपल्याकडील मानकांनी आगींचे वर्ग पाडले आहेत : लाकूड, कापूस, कागद, कापड यांची आग ‘ए’ वर्गात, पेट्रोल, रॉकेल, रंग यांची ‘बी’ वर्गात, वायूची ‘सी’ वर्गात, मॅग्नेशियमसारख्या धातूंची ‘डी’ वर्गात. येथे एक सावधगिरीची सूचना. अमेरिकी पद्धतीत ‘सी’ हे अक्षर विजेच्या उपकरणांच्या आगीला दिलेले आहे. तेव्हा परदेशी माहितीपत्रक वाचून यादी करू नये.

आता हे ज्ञान वऱ्हाडाच्या भूमीवर आणू. अमरावती-अकोल्याचे वैभव कापसावर उभे राहिले आणि येथील आगीचा पहिला धोकाही कापसाचाच आहे. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा रेच्यात सापडला की ठिणगी उडते. ती रुईत दडून बसते आणि रुई प्रेसमध्ये जाऊन १७० किलोंची गाठ होते. अशा गाठीला आतल्या आत धुमसत राहण्यास पुरेशी हवा मिळते, आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, गोदामात ज्वाळा दिसतात. अशा वेळी कोणी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर चालविले तर ज्वाळा क्षणभर मावळते. माणसे सुटकेचा नि:श्वास टाकतात. वायू विरतो आणि निखारा पुन्हा फुलतो. ‘एबीसी’ नावाची भुकटी ‘ए’ वर्गासाठी मान्य आहे हे खरे. परंतु ती पृष्ठभागावर थर धरते, गाठीच्या पोटात शिरत नाही. तेथे पाणीच लागते. पाणी रुईत मुरावे म्हणून त्यात ओलावा वाढविणारे द्रव्य मिसळले तर अधिक उत्तम. त्यानंतर गाठ बाहेर ओढून, पट्ट्या तोडून, उकलून भिजविली पाहिजे. जिनात पाण्याची टाकी, होजपाइप आणि भरलेल्या बादल्या यांना पर्याय नाही. लाल सिलिंडर हे त्यांच्या सोबतीला असते, त्यांच्या जागी नव्हे.

परंतु त्याच जिनाच्या विजेच्या पॅनेलवर पाणी मारणे म्हणजे मारणाऱ्याने स्वत:चा जीव धोक्यात घालणे होय. तेथे आधी मेन स्विच बंद करावयाचा आणि मग कार्बन डायऑक्साइड किंवा भुकटी वापरावयाची. सरकीच्या तेलाच्या गिरणीत तेलासाठी फेस किंवा भुकटी हवी. तेलात भिजलेल्या चिंध्या आणि कापसाचा टाकाऊ माल कोपऱ्यात साचू दिला तर तो आपोआप तापून पेटू शकतो. तेथे खरे अग्निशामक म्हणजे झाकणाचा पत्र्याचा डबा आणि रोजची सफाई. मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात तळणीच्या कढईने पेट घेतला तर पाणी टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते तेल चोहीकडे उडते. गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवणे हा पहिला उपाय. अशा आगीसाठी ओले रसायन असलेले वेगळे अग्निशामक मिळते, आणि मोठ्या भटारखान्यात ते असलेच पाहिजे.

नांदगावपेठच्या औद्योगिक वसाहतीत कापड आणि तयार कपड्यांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत शिलाईचे काम करणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा असतो. ९ किलो भुकटीचे सिलिंडर धातूच्या वजनासह १२ किलोंच्या पुढे जाते. ते खुंटीवरून उतरवून चालविणे जिला जमत नाही, तिच्यासाठी ते नसल्यासारखेच आहे. तेथे ४ किंवा ६ किलोंची सिलिंडरे अधिक संख्येने, हाताला येतील अशा उंचीवर लावावीत. कोणत्याही ठिकाणाहून त्यांच्यापर्यंत जाण्यास १५ मीटरहून अधिक अंतर पडू नये.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार केला पाहिजे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांपर्यंतच दाबाखाली द्रवरूपात राहतो. त्यापुढे दाब झपाट्याने चढतो. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून अधिक. दाब फारच वाढला तर सुरक्षेची चकती फुटून सिलिंडर रिकामे होते, आणि बाहेरून ते पूर्वीसारखेच लाल दिसते. या सिलिंडरला दाबमापक काटा नसतो. ते भरलेले आहे की नाही हे वजनावरच कळते. आतील वायूचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले तर ते पुन्हा भरून घ्यावे लागते. आपल्या जिल्ह्यांतील किती कार्यालयांत हे वजन होते, याचा शोध प्रत्येकाने आपल्या गावी घ्यावा.

आता सर्वांत दु:खद प्रकरणाकडे वळतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. तेथे १७ बालके होती, १० दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षातील आगीने १५ रुग्णांचा बळी घेतला. ६ नोव्हेंबरला नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात त्याच दिवशी ११ रुग्ण गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयातील नवजात कक्षातही आग लागली आणि बालकांना धावपळीने बाहेर काढावे लागले.

अशा कक्षात कोणते सिलिंडर ठेवावयाचे? भुकटी मारली तर खोलीत ढग उठतो. काही दिसत नाही आणि आजारी माणसाला श्वास घेणे अवघड होते. कार्बन डायऑक्साइड उपकरणाला इजा करीत नाही. पण लहानशा बंद खोलीत तो बालकाचीच हवा हिरावून घेऊ शकतो. प्राणवायूची नळी चालू असेल तर कोणत्याही सिलिंडरचा जोर अपुरा पडतो. म्हणून तेथील क्रम ठरलेला असावा : प्राणवायूचा व्हॉल्व्ह बंद, वीज बंद, बालके बाहेर, आणि हे घडत असताना एका माणसाने कार्बन डायऑक्साइड बेताने, नेमका ज्वाळेच्या बुडाशी सोडावा, अथवा विजेच्या उपकरणांसाठी चाचणी झालेले जलतुषाराचे अग्निशामक वापरावे. एका रात्रपाळीत एकच परिचारिका असेल तर हे कोणी करावयाचे? अग्निशामकाची निवड येथे मनुष्यबळाच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचते.

नगरच्या आगीनंतर एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. पण वायरिंग कसे असावे, यंत्रणा कोणती असावी, सिलिंडर कोणते घ्यावे, यांतील एकही निर्णय परिचारिकेच्या हाती नसतो. निर्णय वरचे लोक घेतात आणि आग मात्र खालच्या माणसाच्या पदरात पडते, ही रीत आपण मान्य करता कामा नये.

कायदा आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा अधिनियम डिसेंबर २००८ पासून अमलात आला. अग्निसुरक्षेची व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर अथवा भोगवटादारावर टाकली असून, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावयास सांगितले आहे. प्रमाणपत्रावर सिलिंडरांची संख्या दिसते. त्या जागेत काय जळेल हे जाणून ती निवडली काय, हे त्यावरून कळत नाही. ती उणीव भरून काढण्याचे काम संघटनेचे आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने एक जिन, एक रुग्णालय आणि एक वसतिगृह निवडावे. तेथे काम करणाऱ्यांसह खोलीखोलीतून फिरून एक तक्ता करावा : येथे काय जळेल, शेजारी वीज आहे काय, टांगलेले सिलिंडर कोणत्या वर्गाचे, ते शेवटचे कधी भरले व तपासले, आणि ते चालविता येणारी माणसे प्रत्येक पाळीत किती. तक्त्याची एक प्रत मालकाला, एक नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाला द्यावी व पोच घ्यावी. जुनी सिलिंडरे भरावयास पाठविण्यापूर्वी ती कामगारांच्या हातून चालवून घ्यावीत. एका सिलिंडरचा मारा अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर संपतो; ती सवय आधीच हाताला हवी. आणि सर्वांना हेही सांगावे की आग छातीच्या उंचीवर गेली, किंवा पाठीमागची वाट धुराने भरू लागली, तर सिलिंडर टाकून बाहेर पडावे. माल पुन्हा पिकतो, माणूस पुन्हा मिळत नाही.

मोर्च्याला हजार माणसे लागतात. या कामाला प्रत्येक गावी चार पुरेत. त्या चौघांची नावे आज येथून उठण्यापूर्वी लिहून द्यावीत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.