आभाळ भरून येतं तेव्हा


वणी-दिंडोरीकडे द्राक्षं काढणीला आलेली असतात...
आणि आभाळ भरून येतं.

छातीत धडधडतं.
ते अ‍ॅड्रेनालिन.
मूत्रपिंडांवरच्या इवल्याशा ग्रंथींतून येतं.
पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं...
रक्तातली साखर वाढवतं.
अंगात बळ येतं.
गारांआधी बाग झाकायला ते हवंच की!

ढग पांगले, की ही संप्रेरकं ओसरायला हवीत.
पण कर्जाचा हप्ता पांगत नाही...
मग कॉर्टिसॉलही ओसरत नाही.
झोप उडते.
रक्तदाब वाढतो.
चिडचिड होते, विसरायला होतं.

पुन्हा सांगते...
ताण येणं हा आजार नव्हे.
तो न ओसरणं घातक.

रोज थोडं चाला.
घरात बोला.
मन फारच जड झालं, तर 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा.
पैसे पडत नाहीत.
नंबर लिहून घ्या, 14416...
एक, चार, चार, एक, सहा.