बेताच्या पैशांत संगणक



ज्या मनुष्यानें उभी हयात खडू आणि फळा यांच्या संगतींत घालविली, त्यानें संगणकाच्या खरेदीवर बोलावें, हें आपणांपैकीं पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. माझ्या शिक्षणांत संगणक हा शब्दसुद्धां आला नाहीं. परंतु निवृत्तीनंतर मुलांच्या व नातवंडांच्या निमित्तानें हें यंत्र उघडून पाहण्याची मला संवय लागली, आणि त्या नादांत माझ्या हातून एक मोठी चूकहि झाली. तशी चूक आपल्या हातून होऊं नये, एवढ्यासाठींच आज मी आपला थोडा वेळ घेत आहें.

निमित्त असें घडलें. ऊस-गळिताचा हंगाम संपल्यावर इंदापूर तालुक्यांतील माझा एक जुना विद्यार्थी बारामतीस माझ्या घरीं आला. बरोबर त्याची कन्या होती. तिला येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेश मिळालेला. पाणी पिऊन होतें न होतें तोंच तो म्हणाला, "गुरुजी, उसाचं बिल जमा झालंय. चाळीस हजार बाजूला काढल्यात. पोरीला कॉम्प्युटर घ्यायचाय. दुकानदार म्हणतो हा घ्या, भाचा म्हणतो तो घ्या. तुम्ही सांगाल तो घेतो."

श्रोतेहो, अठरा महिने रानांत उभा राहिलेला आडसाली ऊस तुटून जावा, सोसायटीचें कर्ज वळतें व्हावें, आणि मग हातीं जें उरेल त्यांतून हे चाळीस हजार निघालेले. ते चुकीच्या वस्तूंत गेले तर पुन्हां वर्ष-दीड वर्ष थांबावें लागणार. आणि मुलीचें शिक्षण तर थांबणारें नव्हे. म्हणून मीं त्यास उत्तर न देतां मुलीलाच विचारलें, "बाळ, या यंत्राकडून तुला काम कोणतें करून घ्यायचें आहे?" ती म्हणाली, "प्रोग्रॅम लिहायचे, ऑटोकॅडमध्ये साधे आराखडे काढायचे आणि अभ्यासाचे व्हिडिओ पाहायचे."

आपण बैल घेतांना आधीं आपली जमीन पाहतों. संगणकाच्या बाबतींत मात्र लोक जमीन न पाहतां बैलाचीं शिंगेंच रंगवीत बसतात. काम कोणतें, हें ठरल्यावर निम्मी खरेदी आपोआप ठरते. ही मुलगी रोज एस.टी.नें जाऊन येणारी, रात्रीं घरींच अभ्यास करणारी. यंत्र काखेंत घेऊन फिरण्याची तिला गरज नव्हती. सबब लॅपटॉपऐवजीं सुटे भाग जुळवून केलेला मेजावरचा संगणक आम्हीं ठरविला. त्याचा मोठा गुण हा कीं, एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो, आणि पुढें पैसे आले म्हणजे एकेक भाग वाढवितांहि येतो.

आतां हे भाग कोणते तें पाहूं. प्रोसेसर हा या घरांतला कर्ता पुरुष. सारे हिशेब तो करतो. मदरबोर्ड हें घराचें जोतें. सर्व भाग त्यावर उभे राहतात. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा ऐसपैस असला म्हणजे चार पदार्थ एका वेळीं मांडतां येतात. एस.एस.डी. म्हणजे धान्याची कणगी. वीज गेली तरी तींत सांठविलेलें जागेवर राहतें. आणि एस.एम.पी.एस. नांवाचा जो पत्र्याचा डबा असतो, तो म्हणजे पाण्याची चारी. नीरा डाव्या कालव्याचें पाणी जसें चाऱ्यांतून बेतानें रानास मिळतें, तशी घरांत येणारी २३० व्होल्टांची वीज हा डबा १२, ५ आणि ३.३ व्होल्टांची करून प्रत्येक भागास पोंचवितो.

भाग निरनिराळे चांगले असून भागत नाहीं. ते एकमेकांशीं जुळावे लागतात. तीन गोष्टी कागदावर लिहूनच दुकानांत जावें. पहिली गोष्ट, प्रोसेसर ज्या खांचेंत बसतो ती खांच मदरबोर्डावर असली पाहिजे. इंटेल आणि ए.एम.डी. यांच्या खांचा वेगळ्या. एकाच कंपनीच्याहि पिढ्यांगणिक बदलतात. ए.एम.डी.च्या रायझन प्रोसेसरांची २०१७ पासून चालत आलेली 'ए.एम. ४' ही खांच आणि २०२२ सालीं आलेली 'ए.एम. ५' ही खांच, या परस्परांस चालत नाहींत. दुसरी गोष्ट, रॅम 'डी.डी.आर. ४' जातीची कीं 'डी.डी.आर. ५' जातीची, तें मदरबोर्ड ठरवितो. दोहोंच्या पट्टीवरील खांचेची जागाच वेगळी असल्यामुळें एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. तिसरी गोष्ट पुष्कळांस फसविते. इंटेलच्या ज्या प्रोसेसराच्या क्रमांकाअखेर 'एफ' हें अक्षर असतें, त्यांत पडद्यावर चित्र उमटविणारा भाग नसतो. तो चार पैसे स्वस्त पडतो खरा. पण त्याबरोबर वेगळें ग्राफिक्स कार्ड घ्यावें लागतें, नाहीं तर पडदा काळाच राहतो.

आतां माझ्या चुकीकडे वळतों. सुमारें सहा-सात वर्षांपूर्वीं मीं हौसेनें पहिला संगणक जुळविला. सगळे पैसे प्रोसेसरांत व मोठ्या मॉनिटरांत घातले, आणि एस.एम.पी.एस. मात्र कॅबिनेटाबरोबर फुकट आलेलाच ठेवला. डब्यावर वॉटचा आंकडा मोठा छापलेला होता. मला तो पुरेसा वाटला. दीड हजार रुपये वांचविल्याचा मला अभिमानहि वाटला. त्याच हिंवाळ्यांत मीं माझ्या वृद्ध मातेच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याच आवाजांत फोनवर उतरवून घेतल्या, संगणकांत ठेवल्या, आणि फोनांत जागा व्हावी म्हणून तेथील पुसून टाकल्या. मार्गशीर्षांत ती गेली. पुढें मे महिन्यांत एके दिवशीं सायंकाळीं वळिवाचें वारें सुटलें, विजेचा दाब वर-खालीं होऊं लागला, आणि तो डबा फट्‌दिशीं जळाला. जळतांना मदरबोर्ड आणि डिस्क दोन्ही घेऊन गेला. डिस्क पुण्यास नेऊन जाणकारांस दाखविली. उपयोग झाला नाहीं. दीड हजार रुपये वांचविले, आणि आईचा आवाज गमावला.

दोष केवळ त्या डब्याचा नव्हता, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. जी वस्तु पुन्हां मिळणारी नाहीं, तिची दुसरी प्रत मीं ठेवली नव्हती, हा माझा अपराध. आणि आकाशांत वीज कडाडूं लागली म्हणजे चांगलाहि डबा हमखास वांचवील असें नाहीं. त्या वेळीं प्लग काढून ठेवणें हाच उपाय. परंतु आपल्या भागांत शेतीपंप एकदम सुरू झाले कीं दाब उतरतो, उन्हाळ्यांत पारा चाळिशीपार जातो, आणि धूळ तर बारमाही. अशा ठिकाणीं एस.एम.पी.एस. नांवाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस'ची खूण असलेला आणि वेगळ्या हमीचा घ्यावा. शंभर भाग वीज घेतली तर ऐंशीच्या वर भाग कामास लावतो, अशी ती खूण आहे. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रास ४५० वॉट भरपूर होतात. आणि संगणक घरीं आणण्याआधीं वायरमनास बोलावून घराचें अर्थिंग तपासून घ्यावें.

मग मीं त्या मुलीला पाटी घेऊन बसविलें आणि रुपयाचे सोळा आणे वाटून दाखविले. प्रोसेसरास साडेतीन आणे, मदरबोर्डास दोन, रॅमला तीन, एस.एस.डी.ला दीड, एस.एम.पी.एस.ला दीड, यू.पी.एस.ला एक, मॉनिटरास अडीच, आणि कॅबिनेट, कीबोर्ड, माऊस मिळून एक. चाळीस हजारांत एक आणा म्हणजे अडीच हजार रुपये. हें प्रमाण कांहीं वेदवाक्य नव्हे; बाजार पाहून अर्धा आणा इकडचा तिकडे करावा. २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे भाव एकाएकीं चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य केंद्रांकडून स्मृतीच्या चिपांस जगभर मागणी वाढली, आणि त्या चिपा मुख्यतः तीनच कंपन्या करतात. अशा वेळीं रॅमची एकच पट्टी घ्यावी आणि शेजारची जागा मोकळी ठेवावी. पुढच्या हंगामांत दुसरी घालतां येईल. मात्र जोतें आणि चारी, म्हणजे मदरबोर्ड आणि एस.एम.पी.एस., हीं आरंभींच चांगलीं असावींत. त्यांत मागाहून बदल करणें म्हणजे सगळें घर उकलणें होय.

काटकसर कोठें करावी? कांचेच्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटांत. ग्राफिक्स कार्डांत; तें लागेल तेव्हां घ्यावें. कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक स्वस्त मिळतात, तेहि वाईट नव्हेत. पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा सर्वसाधारण आधार बंद झाला आहे आणि विंडोज ११ स्थूलमानानें इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरांवर चालतें, हें ध्यानांत ठेवून पिढी विचारून घ्यावी. त्याहून जुनें यंत्र असेल तर फुकट मिळणारें लिनक्स त्यावर घालावें. मराठी त्यांतहि उत्तम लिहितां येतें. आणि खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा कीं बारामतींत करा, पक्कें बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरूं नका. हमी बिलावर मिळते, ओळखीवर नाहीं.

मुलीच्या वडिलांस एक शंका होती. "गुरुजी, जोडलेला म्हणजे कमअस्सल तर नव्हं?" मीं त्यास आपल्याच जिल्ह्यांतली गोष्ट सांगितली. अमेरिकेनें हवा तो महासंगणक देण्याचें नाकारल्यावर १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' तयार झाला. बाजारांत मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर नांवाच्या लहान चिपा एकमेकींस जोडून, काम त्यांच्यांत वाटून तो उभा केला होता. जोडण्यांत कमीपणा नाहीं. न समजतां जोडण्यांत आहे.

पुढच्या रविवारीं माझ्याच ओसरीवर तिनें तो संगणक जुळविला. मीं फक्त कंदिलासारखी विजेरी धरून बसलों होतों. पहिल्यांदा पडदा उजळला नाहीं. रॅमची पट्टी पुरती बसली नव्हती. तिनें ती काढून पुन्हां दाबून बसविली, आणि यंत्र सुरू झालें. हिशेब मांडतां सहाशें रुपये उरले. तिचे वडील म्हणाले, "यांत रंगीत दिवे बसत्याल का?" मुलगी म्हणाली, "नको, आबा. आजीच्या गोष्टी रेकॉर्ड केल्यात ना, त्यांच्यासाठी एक पेनड्राइव्ह घेऊ. दुसरी प्रत."

माझी गोष्ट तिनें ऐकली होती तर.