कुसळ, कवडसा आणि एक इंग्रजी शब्द
(किल्लारी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



इंग्रजी वाचनात क्वचितच भेटणाऱ्या 'मोट' या शब्दाविषयी आज बोलावयाचे आहे. हा उच्चार ऐकताच आपणांस विहीर, बैल आणि चामड्याची मोट आठवेल. परंतु दोहोंत साम्य आहे ते केवळ ध्वनीचे. इंग्रजी 'मोट' म्हणजे धुळीचा सूक्ष्म कण, विशेषतः कवडशात तरंगताना दिसणारा. शब्द जुन्या इंग्रजीतील आहे. त्याचा डच भाषेतील भाऊबंद लाकडाच्या भुशास लावतात. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये, हा पहिला धडा येथेच मिळतो.

१६११ सालच्या इंग्रजी बायबलात, दुसऱ्याच्या डोळ्यातील 'मोट' पाहणाऱ्यास स्वतःच्या डोळ्यातील तुळई दिसत नाही, अशा आशयाचा उपदेश आहे. आपण तेथे कुसळ आणि मुसळ म्हणतो. कुसळ म्हणजे गव्हाच्या ओंबीवरील वा गवतावरील टोकदार केस. खळ्यावर ते ज्याच्या डोळ्यात गेले, त्या मुलास अर्थ सांगावा लागत नाही.

कवडशातील कणास संस्कृतात 'त्रसरेणू' म्हणतात. त्रस म्हणजे हलणारा, रेणू म्हणजे धूळ. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांची गणना झरोक्यातील उन्हात दिसणाऱ्या या कणापासूनच सुरू होते. विज्ञानाच्या पुस्तकातील 'रेणू' हा तोच शब्द. मात्र तो रेणू नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. धुळीच्या एका कणात असे असंख्य रेणू असतात. हा भेद न सांगितल्यास मूल व्याख्या पाठ करील, पण त्यास बोध होणार नाही.

या गावी धुळीविषयी बोलताना मन जड होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे भूकंपाने येथील दगडमातीची घरे कोसळली व फार मोठी प्राणहानी झाली. त्या घरांबरोबर छतातील झरोकाही गेला. नव्या घरात वाढणाऱ्या मुलाने तो पाहिलाही नसेल. वस्तू दृष्टीआड झाली की शब्दही हळूहळू मुका होतो.

म्हणून वर्गात एक दिवस दारे-खिडक्या लावून घ्या. पुठ्ठ्यास भोक पाडून त्यातून ऊन आत येऊ द्या. कण नाचताना मुलांनी प्रथम पाहावेत, मग फळ्यावर शब्द लिहावा. घरी जाऊन 'आजी, आपल्या जुन्या घराला झरोका होता का?' असे मुलाने विचारले, तर आपला पाठ सफळ झाला असे समजावे.