मातीत पुरलेला संसार
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी थडग्यांविषयी बोलणार, हे ऐकून पुष्कळ जणींनी नाके मुरडली. परंतु ज्यांनी काही लिहून ठेवले नाही, त्यांचा संसार कळायचा कसा? पुष्कळदा तो पुरलेल्या हाडांवरूनच कळतो.

त्यासाठी दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला डॉ. सांकळियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत जमिनीखाली लहान मुले पुरलेली सापडली. दोन मडकी आडवी ठेवून तोंडाला तोंड लावायचे, आत मूल. जवळ एखाददुसरे भांडे. आई जिथे चूल पेटवीत असेल, त्याच घरात बाळ निजलेले! एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांतला दोरा तपासला तर तो रेशमाचा व कापसाचा निघाला. तांबे तेव्हा इतके दुर्मिळ की, रोजच्या कामाची पातीदेखील दगडाची असत. ते लेकरू काही कमावते नव्हते. म्हणजे मान घराण्याचा असावा, असे मला वाटते. किंवा आईने असेल नसेल ते सारे दिले असेल; तेही नाकारता येत नाही.

शिरूर तालुका तर आपला शेजार. तिथल्या इनामगावला मोठी माणसे उत्तरेकडे डोके करून पुरीत आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडीत. मेलेला परत चालत येऊ नये, म्हणून असेल. मात्र पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसविलेला आढळला. त्याची पावले शाबूत होती! धान्याचे कोठार शेजारीच. हा गावचा प्रमुख असावा, असे तज्ज्ञ म्हणतात.

तिथल्याच मुलांच्या दुधाच्या दातांवर खळगे व रेघा दिसल्या. गरोदरपणी आईची किंवा पुढे बाळाची झालेली आबाळ, दुखणी, यांच्या त्या खुणा. कोठार भरलेले असले, तरी ते प्रत्येकीच्या चुलीपर्यंत पोहोचत होतेच असे नाही.

पण थडगे फसवितेही. औरंगजेब बादशहा १७०७ साली भिंगारच्या छावणीत वारला. खुलताबादेस त्याची कबर उघड्या आकाशाखाली, मातीची. संगमरवरी जाळी मागाहून बसविलेली. उलट निजामशाहीतला सरदार सलाबतखान नगरजवळच्या डोंगरावर मोठ्या दगडी इमारतीत विसावला आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. मंडळाची सहल तिकडे गेली, तर खालच्या कबरीपाशी जरूर थांबा. चांदबिबी तिथे नाही.