पाठलाग कशासाठी?

मार्च २००१. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ५५ मैलांची वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर १९ वर्षांचा एक मुलगा ताशी ७३ मैलांनी चालला होता. पोलिसांनी हटकले, तो पळाला. सहा मिनिटांत जवळजवळ दहा मैल पाठलाग झाला. अखेर पोलिसांनी मागून धक्का दिला, गाडी उलटली आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. लोकांचे जीव धोक्यात होते म्हणून धक्का वाजवीच, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली आठ विरुद्ध एक मताने ठरवले. पण गाडीचा नंबर पोलिसांकडे होता, नंतरही पकडता आले असते, हे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे एकाकी मत आम्हाला पटते. आम्ही बँकवाले थकबाकीदारामागे रस्त्यात धावत नाही. पत्ता हाती असतो, नोटीस घरी जाते. खुनी पळत असेल तर गोष्ट वेगळी.