साधनाताई आमटे : एका आईचा मोठा संसार

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रम समितीने मला ‘समाजसेवा’ हा विषय दिला आणि वीस मिनिटं दिली. मी बँकेतला माणूस. वेळेत हिशोब बंद करायची सवय आहे, तेव्हा काळजी नसावी. पण समाजसेवा हा शब्द इतका मोठा आहे की त्यावर बोलायला लागलं की माणूस उपदेश करू लागतो. म्हणून मी ठरवलं, एका बाईंविषयी बोलायचं. साधनाताई आमटे. बाबा आमटे सगळ्यांना माहीत आहेत. साधनाताईंचं नाव बहुतेक वेळा त्यांच्या मागोमाग येतं. आज ते पुढे घेऊ.

५ मे १९२६ रोजी नागपूरच्या घुले घराण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव इंदू. घर कर्मठ, सोवळंओवळं पाळणारं. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे आपले बाबा, एका लग्नाच्या निमित्ताने त्या घरी गेले होते. लग्नघर म्हणजे काय असतं ते आपल्याला सांगायला नको. सगळ्या मुली नटण्या-मुरडण्यात. इंदू मात्र घरातल्या म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. बाबांनी तेवढं पाहिलं आणि मागणी घातली. १९४६च्या डिसेंबरात लग्न झालं. इंदूची साधना झाली.

ही मोलकरणीची गोष्ट लक्षात ठेवा. तिचं काम पुढे आहे.

लग्नानंतर काय वाट्याला आलं? बाबांचे वडील जमीनदार, स्वतः बाबांची वकिली चांगली चाललेली. त्यामुळे सुखाचा संसार व्हायला हरकत नव्हती. पण बाबांनी वरोऱ्याला श्रमाश्रम काढला. निरनिराळ्या जातीची माणसं एका ठिकाणी राहणार, एकत्र जेवणार, कष्ट करणार. सोवळ्यात वाढलेली वीस वर्षांची मुलगी या घरात गृहिणी म्हणून आली. १९४७ साली विकास झाला, १९४८ साली प्रकाश. बाबा तेव्हा वरोऱ्यात भंग्यांबरोबर मैल्याच्या पाट्याही वाहत होते.

अशाच एका पावसाळी दिवशी बाबांना रस्त्याच्या कडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले. बाबा घाबरून निघून गेले. त्या भीतीची त्यांना इतकी लाज वाटली की कुष्ठरुग्णांचंच काम करायचं त्यांनी ठरवलं. ही गोष्ट आपण ऐकलेली असते. पण त्या वेळी घरात दोन तान्ही मुलं होती हे आपण विसरतो. बाबांनी ठरवलं ते खरं, पण साधनाताई ‘नाही’ म्हणाल्या असत्या तर आनंदवन झालं असतं का? त्या काळी सख्खा भाऊ कुष्ठरोग झालेल्या भावाला घराबाहेर काढत होता. या बाईंनी दोन पोरं कडेवर घेऊन त्यांच्यातच राहायला जायचं कबूल केलं.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. आपल्या भागातल्या लोकांना हे वर्ष ओळखीचं वाटेल. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. फाळणीत घरदार गमावलेल्या आपल्या सिंधी बांधवांनी कल्याण कँपच्या बराकींतून एक शहर उभं केलं. तिकडे वरोऱ्याला, घरच्यांनीच टाकलेल्या माणसांनी खडकाळ माळावर गाव वसवायला घेतलं. सरकारने दिलेली पन्नास एकर पडीक जमीन, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. १९५१ साली आनंदवन सुरू झालं ते एवढ्यावर. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ओपनिंग बॅलन्स रुपये चौदा फक्त. असा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी नियमाप्रमाणे परतच केला असता!

या सगळ्यात ताईंचं काम कोणतं? आपल्या घरात बायका जे करतात तेच. स्वयंपाक, पाणी, गाईगुरं, आल्यागेल्याचं पाहणं, आजाऱ्याची उशापायथ्याची सोबत. फरक एवढाच की घरात पाच माणसं नव्हती. सहाची साठ झाली, साठाची शेकडो झाली, आणि त्या सगळ्यांच्या त्या ताई झाल्या. घरच्या माणसासाठी जे करतो ते परक्यासाठी रोज करणं, तेही साठ वर्षं. एक दिवस रक्तदान शिबिर भरवणं आपल्यालाही जमतं. रोजचं जमणं कठीण.

पुढे शेती पिकली, भाजीपाला खाऊन उरू लागला, तेव्हा वरोऱ्याच्या बाजारात तो कोणी घेईना. कुष्ठरोग्याच्या हातची भाजी! नंतर सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण आनंदवनात राहून बांधकाम करू लागले, तिथलंच जेवू लागले, तेव्हा गावाची भीड चेपली. पुढे त्याच आवारात आनंदनिकेतन महाविद्यालय निघालं आणि ज्या गावाने भाजी नाकारली त्या गावातली मुलं तिथे शिकायला आली.

इथे मुलांसाठी थोडं शास्त्रही सांगतो. कुष्ठरोग हा जंतूंमुळे होणारा रोग आहे. हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टरांनी १८७३ साली तो जंतू शोधला. हा रोग आनुवंशिक नाही, आणि बहुतेक माणसांच्या अंगात त्याला तोंड देण्याची शक्ती जन्मतःच असते. बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि ते सुरू झालं की रोग दुसऱ्याला होण्याची भीती लवकरच संपते. हे सगळं माहीत असूनसुद्धा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात राहिलंच होतं. ते काढून टाकायला संसदेला २०१९ साल उजाडलं. औषध येऊन कितीतरी वर्षं झाली, पण माणसांमधलं अंतर राहिलं ते राहिलंच.

हे अंतर मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाखेत एक वयस्क गृहस्थ बचत खात्यातून पैसे काढायला यायचे. रोग बरा झालेला, पण दोन्ही हातांची बोटं गेलेली. ते आले की रांग आपोआप विरळ व्हायची. सही नाही, हाताचा अंगठाही नाही. अशा खातेदारासाठी नियम आहे : पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. मी सही करायचो. प्रश्न दुसऱ्या साक्षीदाराचा. ओळखीची माणसं रांगेत असायची, पण त्या वेळेला सगळ्यांना घड्याळ दिसायचं. शेवटी शाखेत झाडलोट करणाऱ्या मावशी पुढे यायच्या. त्यांना बाकावर बसवायच्या, चप्पल काढायला हात द्यायच्या, पाय पुसायच्या, ठसा झाला की शाईही पुसायच्या आणि स्वतः मोडक्या अक्षरांत साक्षीची सही करायच्या. वर्षभर मी हे पाहिलं. पुढे ताईंचं ‘समिधा’ हे आत्मकथन वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा या मावशीच आठवल्या. यज्ञात टाकायच्या लहान काटक्या म्हणजे समिधा. ताईंनी स्वतःच्या आयुष्याला हे नाव दिलं.

आता आई म्हणून पाहू. विकास आणि प्रकाश दोघंही कुष्ठरुग्णांच्या मुलांत खेळून वाढले आणि दोघंही डॉक्टर झाले. विलास मनोहर यांच्या पत्नी रेणुका या बाबा आणि ताईंच्या मानसकन्या. म्हणजे पोटची मुलं आणि मानलेली मुलं हा भेदही त्या घरात नव्हता. डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकशाला माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. वीज नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्यात नद्यांना पूर आला की जगाशी संबंध तुटायचा. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी संसार मांडायला गेले. डॉक्टर झालेला मुलगा असा जंगलात जातो तेव्हा आईला काय वाटत असेल? आपल्या इमारतीत मुलाची बंगळुरूला बदली झाली तरी आठवडाभर घरात पोळी नीट भाजली जात नाही. हे चेष्टेने म्हणत नाही, माझ्याच घरचं सांगतो आहे.

त्यांच्या श्रद्धेविषयीही बोललं पाहिजे. ताई देवभक्त होत्या. बाबा देवपूजेतले नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाशी संसार करताना ताईंनी आपला देव सोडला नाही, आणि त्या देवाच्या नावावर कोणाला दूरही ठेवलं नाही. आपल्या संस्थेत गणपती बसतो, झुलेलालची ज्योत लागते, नाताळचा तारा लागतो. भक्ती खूप आहे. ती भक्ती दाराबाहेर किती पावलं जाते, एवढंच ताईंकडून शिकायचं.

आणि निवृत्ती? आपण साठीला निवृत्त होऊन गुडघ्यांची तक्रार करतो. बाबांना मणक्याचं दुखणं होतं, त्यांना बसता येत नसे, उभं राहायचं किंवा आडवं पडायचं. अशा नवऱ्याला घेऊन, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, १९९० साली, साधनाताई आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेल्या. तिथे सुमारे दहा वर्षं काढली. चूल पुन्हा पहिल्यापासून मांडली. बाबा ९ फेब्रुवारी २००८ला गेले. ताई ९ जुलै २०११ला, पंच्याऐंशीव्या वर्षी.

आता मोलकरणीच्या गोष्टीकडे येतो, आणि इथे काही जणांना माझं बोलणं आवडणार नाही. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय आहे : घरकाम करणाऱ्या बायकांनी आणि कचरा नेणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये, जिना वापरावा. कारण दिलं आहे देखभाल खर्चाचं. मी सात वर्षं संस्थेचा खजिनदार होतो. लिफ्टची बिलं मी पास केली आहेत. सात-आठ बायकांच्या वजनाने त्यात किती फरक पडतो ते मला ठाऊक आहे. कारण खर्चाचं नाही. कारण अंतराचं आहे.

ज्यांना २६ जुलै २००५ आठवतो त्यांनी आठवून पाहावं. उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं. आपले तळमजल्याचे लोक वर आले, वॉचमन वर आला, घरी जाऊ न शकलेल्या दोन कामवाल्या बायका वर आल्या. तिसऱ्या मजल्यावर एका पातेल्यात खिचडी झाली. कोण कुठे झोपलं हे कोणी विचारलं नाही. त्या रात्री लिफ्ट बंदच होती, म्हणून तीही अडचण आली नाही. म्हणजे हे आपल्याला जमतं. पूर आला की जमतं. साधनाताईंना ते पूर नसतानाही जमलं.

व्यवस्थापक समितीला माझी लेखी विनंती दिलेली आहे : तो विषय मागे घ्यावा. मागे घेतला नाही तर मी विरोधात मत देणार आहे आणि ते इतिवृत्तात नोंदवायला सांगणार आहे. ज्यांना पटेल त्यांनी सोबत यावं. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी भांडण नाही, संध्याकाळी बाकावर भेटूच.

माझी वीस मिनिटं झाली. जेवण तयार आहे असं कळलं. पहिल्या पंगतीला वॉचमनकाका आणि सगळ्या ताई-मावशींना बसवावं, वाढायला आपण समितीचे जुने लोक आहोतच.